आकार करंजीचा, आवाज खारीचा

आधी एक गोष्ट कबूल करतो. ज्या पदार्थाविषयी मी लिहिणार आहे तो मी आजवर तोंडात घातलेला नाही, आणि ज्या माणसाविषयी लिहिणार आहे त्यांच्या सहवासात मला पुरतं एक वर्षही मिळालं नाही. शिवाय माझं आजवरचं सगळ्यांत लांब लेखन म्हणजे एम.एस्सी.चा प्रबंध, तोही इंग्रजीत आणि तोही आकड्यांचा. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. माझे वडील गिलाव्याचं काम करतात. हातात कागद आला की तो नीट घडी करून खिशात ठेवायचा आणि नंतर कोणाकडून तरी वाचून घ्यायचा, ही त्यांची रीत. अशा घरातल्या मुलानं एखाद्या माणसाचं चित्र शब्दांत काढायला बसणं मला स्वतःलाच आगाऊपणाचं वाटतं. पण इस्माईलचाचांविषयी कोणीतरी लिहायला हवं, आणि त्यांच्याबरोबर डब्लिनभर हिंडलेला माणूस मीच आहे. चुकलं तर सांभाळून घ्यावं.

एम.एस्सी.साठी डब्लिनला आलो तेव्हा शहराच्या कडेला ल्यूकनच्या एका वसाहतीत रुखसानाताईंच्या घरात मी भाड्यानं राहायला गेलो. घरातली सगळ्यांत छोटी खोली माझी. ताई हॉस्पिटलात नर्स, त्यांचे यजमान कामानिमित्त बहुतेक दिवस बाहेरगावी, त्यांची सात वर्षांची मुलगी झोया, आणि ताईंचे वडील इस्माईलचाचा. चाचा रत्नागिरीकडचे. बत्तीस वर्षं मालवाहू जहाजांवर आचारी होते. जहाजावर आचाऱ्याला भंडारी म्हणतात, हे मला त्यांनीच सांगितलं.

पहिल्याच संध्याकाळी ताईंनी मला जेवायला बसवलं. चाचांनी टेबलावर अंथरायचं कापड नळाखाली ओलं केलं, पिळलं आणि अंथरलं. मला वाटलं पुसायचं असेल. पण त्यांनी त्या ओल्या कापडावरच ताटं मांडली. माझ्या चेहऱ्यावरचा प्रश्न ताईंनी ओळखला. जहाज डोलायला लागलं की सुक्या कापडावरून ताट घसरतं, ओल्यावरून घसरत नाही, असं त्यांनी सांगितलं. आता बाबांना जमिनीवर येऊन अकरा वर्षं झाली, पण त्यांना कोण सांगणार? चाचा शांतपणे म्हणाले, “घराचा काय भरोसा?”

स्वयंपाकघराला ते जहाजावरच्यासारखं गॅली म्हणत. कपाटाला मात्र घरातले सगळेच आयरिश लोकांसारखं प्रेस म्हणत, आणि त्या प्रेसमधल्या प्रत्येक बरणीच्या गळ्याला चाचांनी सुतळी बांधून ती खिळ्याला अडकवली होती. कोणी काही विचारलं की त्यांचं उत्तर एकच, “ग्रँड.” गुडघा कसा आहे? ग्रँड. थंडी कशी आहे? ग्रँड. एवढा एक शब्द त्यांनी या देशाकडून घेतला होता आणि तो ते गरम मसाल्यासारखा सगळीकडे टाकत.

पण या गॅलीत भंडारी स्वयंपाक करत नव्हता. ते माझ्या लक्षात यायला आठवडा लागला. ड्यूटीवरून दमून आलेल्या ताई पातेल्यात कांदा टाकून झाकण ठेवत, आणि चाचा खुर्चीत बसून कांद्याचा आवाज ऐकत. मध्येच म्हणत, “बाय, कांदा झाला, बघ.” ताई झाकण काढत, तर कांदा खरंच नेमका गुलाबी झालेला असे. हे सगळं ते कानानं करत होते, कारण त्यांचं नाक गेलं होतं. दोन हिवाळ्यांपूर्वी साधा ताप-सर्दीचा आजार आला, आजार गेला आणि जाताना वास घेऊन गेला. वासाबरोबर चवही गेली. खारट, आंबट एवढं जिभेला कळे, बाकी सगळा भुसा. डॉक्टरांनी चार छोट्या बाटल्या दिल्या होत्या. गुलाब, लिंबू, लवंग आणि निलगिरी. रोज सकाळ-संध्याकाळ प्रत्येक बाटली हुंगायची आणि हुंगताना तो वास आठवायचा. नाक कधी कधी असं शिकवल्यानं परत येतं, कधी येत नाही. चाचा इमानानं हुंगत. झोया शेजारी उभी राहून विचारी, “एनीथिंग, नाना?” आणि चाचा म्हणत, “ग्रँड.” म्हणजे काही नाही.

ताईंनी एकदा मला दारात थांबवून सांगितलं की बाबा बोलत नाहीत, पण त्यांनी आपली मोठी कढई गुंडाळून माळ्यावर ठेवून दिली आहे. नाक नाही तर भंडारी कसला, असं ते एकदाच म्हणाले होते.

एका रविवारी चाचांनी माझ्या दारावर टकटक केली. अंगात कोट, डोक्यावर टोपी, पायात बूट, सगळी तयारी. म्हणाले, शहरात जायचं आहे, वाट दाखव. कुठे, तर पॅटी शोधायला. मला बेकरीतली पॅटीस वाटली. ते म्हणाले, तसली नव्हे. जमैकाची. किंग्स्टन बंदरात मिळते ती. मग त्यांनी हवेत बोटानं आकार काढला आणि मी पुढे महिनोन्‌महिने ऐकत राहिलो ते वाक्य पहिल्यांदा म्हणाले, “आकार करंजीचा, रंग हळदीचा, आवाज खारीचा. आत बीफचा खिमा.”

बीफ म्हटल्यावर माझी पंचाईत झाली. आमच्या घरात ते खात नाहीत. हे त्यांना कसं सांगावं, सांगितलं तर त्यांना वाईट वाटेल का, असा विचार करत मी उगाच बुटाची नाडी बांधत बसलो. चाचांनी पुरेसा वेळ वाट पाहिली आणि म्हणाले, “तुला खायला कोण सांगतो? मला तुजा नाक पायजे. वासानं कोण बाटत नाय.”

त्यांचं म्हणणं सरळ होतं. डॉक्टरांच्या बाटल्यांतला गुलाब त्यांना कधी आवडलाच नव्हता, मग तो आठवून आठवून किती आठवणार? आयुष्यात सगळ्यांत पक्का बसलेला वास त्या पॅटीचा. नाक परत यायचं तर त्याच वाटेनं येईल. पण हातातली पॅटी खरी आहे की नाही हे त्यांना कळणार कसं? बिनवासाची वस्तू महिनाभर हुंगली तर फुकटच. म्हणून एक चालू नाक हवं. त्या दिवसापासून मी त्यांचा सेकंड कुक झालो. माझ्या नावानं त्यांनी मला पुन्हा हाक मारली नाही.

डब्लिन तसं मोठं शहर, पण पॅटीच्या बाबतीत फार छोटं निघालं. आम्ही बसच्या वरच्या मजल्यावर पुढच्या सीटवर बसून जायचो. ती चाचांची जागा, तिथून पाणी दिसल्यासारखं वाटतं म्हणत. उतरताना इथले लोक ड्रायव्हरला थँक्यू म्हणतात, ते चाचांना फार पटलं होतं. कप्तानाला सलाम केल्याशिवाय उतरू नये, म्हणत. पहिली पॅटी आम्हाला एका आफ्रिकन दुकानाच्या फ्रीजरमध्ये सापडली. लंडनहून आलेली, बर्फानं पांढरी झालेली. घरी आणून ओव्हनमध्ये तापवली. चाचांनी ती कानाजवळ धरून अंगठ्यानं कडा दाबली. आवाजच आला नाही. ते म्हणाले, “भिजलेला पुठ्ठा.” मी हुंगलं, मला मिरपूड आणि ओव्हनचाच वास आला. तसं सांगितलं. पॅटी शेजारच्या डेक्लनला गेली.

डेक्लन हा आमच्या संशोधनाचा एकमेव लाभार्थी. निवृत्त पोस्टमन, एकटा राहणारा. कुंपणावरून दर रविवारी त्याला एक पॅटी मिळे आणि तो माझ्याकडे बघून चाचांविषयी म्हणे, “युवर मॅन विल बी द डेथ ऑफ मी.” पण हात पुढे केलेलाच असे. चाचा स्वतः कधी एक घासही खात नसत. हलाल असल्याची खात्री नाही, हे एक कारण ते सांगत. चवच लागत नाही तर खाऊन काय, हे दुसरं. मला दोन्ही पटली होती.

दुसरी जागा नदीच्या पलीकडे मिळाली. काचेच्या गरम कपाटात पिवळ्या दिव्याखाली सहा पॅट्या होत्या. त्या दिवशी बोचरा वारा होता, दोन बस बदलाव्या लागल्या होत्या आणि चाचांचा गुडघा सुजला होता. ते दुकानाबाहेरच्या कठड्यावर टेकले. कागदाच्या पिशवीत पॅटी त्यांनी माझ्या नाकाखाली धरली आणि परीक्षा सुरू केली. त्यांची परीक्षा नेहमी एकेक जिन्नस विचारून होई. कांद्याची पात? मला नीट कळत नव्हतं. मी हो म्हणालो. ओव्यासारखा पाला? हो. मिरचीला फळासारखा वास? हो चाचा, आहे. त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते बघून मला बरं वाटलं. त्यांनी डोळे मिटले आणि विचारलं, “आणि खोबरा?”

“आहे,” मी म्हणालो.

चाचांनी डोळे उघडले. त्या पॅटीत खोबरं कधीच नसतं.

ते रागावले नाहीत. पिशवीचं तोंड दुमडून ती कोटाच्या खिशात ठेवली आणि बसमध्ये बसल्यावर मला सखारामची गोष्ट सांगितली. हा वेंगुर्ल्याचा खलाशी, त्यांच्या जहाजावरचा. रमजानात चाचांचा रोजा असे, पण एकोणीस माणसांचं जेवण तर करायचंच. उपवासाच्या तोंडानं चाखता येत नाही, म्हणून चाचा सगळं नाकानं करत आणि फक्त मीठ बघायला सखारामला बोलवत. पहिल्या वर्षी सखाराम त्यांना घाबरून होता. त्यानं चमचा तोंडाला लावला आणि बरोबर आहे म्हणाला. मीठ घालायचंच राहून गेलं होतं. सगळी माणसं अर्ध्या जेवणावरून उठली.

“तेव्हा माजा नाक होता, तोंड दुसऱ्याचा,” चाचा म्हणाले. “आता नाकपण दुसऱ्याचा. त्यानं माज्यावर दया केली तर मी कुठं जाव?”

मी त्यानंतर कधी खोटं सांगितलं नाही. आणि खरं सांगायचं तर त्यानंतरच मी नीट हुंगायला शिकलो. आम्हा शिकणाऱ्या मुलांना उत्तर पटकन द्यायची सवय असते. चाचा म्हणत, घाई करू नको, श्वास आत घे आणि थांब, वास उशिरा येणारा पाहुणा आहे. मी घरी प्रेस उघडून धने, जिरं, ओवा डोळे मिटून ओळखायला लागलो. झोया मला चुकीच्या बरण्या देऊन फसवायची. एकदा तिनं विचारलं, “बट नाना, इट्स ओन्ली अ पाय?” चाचांनी तिला मराठीत समजावलं, तिनं इंग्रजीत मान्य केलं.

उन्हाळ्याच्या तोंडावर माझ्या वर्गातल्या कोणीतरी सांगितलं की बॉल्सब्रिजला ऑफिसांच्या मधल्या चौकात दर गुरुवारी दुपारी खाण्याचे ठेले लागतात आणि त्यात एक जमैकन आहे. आम्ही गेलो. ठेल्यामागे एक उंच तरुण, डोक्याला फडकं बांधलेलं, पॅट्यांचा ट्रे नुकताच बाहेर काढत होता. गळ्यात ओळखपत्रं लटकवलेल्या लोकांची रांग होती, तिच्यात टोपीवाले चाचा हात मागे बांधून उभे राहिले. पॅटी हातात आली. त्यांनी ती कानाशी नेली आणि कड दाबली. मलाही ऐकू आलं. खारीचा आवाज.

त्यांनी पिशवी माझ्याकडे दिली. मी श्वास आत घेतला आणि थांबलो. एकेक पाहुणा आला. कांद्याची पात. ओव्यासारखा पाला, ज्याला थाईम म्हणतात हे मला आता माहीत होतं. मिरची, तिच्यात पिकल्या फळाचा वास. हळद. आणि सगळ्यांच्या मागे आणखी एक काहीतरी, गोडसर, उबदार. लवंग म्हणावं तर लवंग नाही.

“आहे चाचा,” मी म्हणालो. “या वेळी खरंच आहे. शेवटी आणखी एक आहे.”

“तो कसा हाय?” त्यांनी अगदी हळू विचारलं.

आणि इथे मी माझी सगळ्यांत मोठी चूक केली. खोबऱ्याच्या त्या फजितीनंतर मी मोबाईलवर या पॅटीची कृती वाचून ठेवली होती. परीक्षेला जाणारा मुलगा उत्तरं बघून ठेवतो तशी. कसा आहे असं त्यांनी विचारलं होतं, आणि मी काय आहे ते सांगून टाकलं. म्हणालो, त्याला ऑलस्पाइस म्हणतात चाचा, जमैकातच होणाऱ्या झाडाचे दाणे असतात, मिरीसारखे.

चाचा वळून कालव्याच्या दिशेनं चालू लागले. आम्ही कालव्याच्या काठी एका बाकावर बसलो. पॅटी दोघांच्या मध्ये. मग त्यांनी किंग्स्टनची गोष्ट सांगितली, जी त्यांनी ताईंनाही सांगितली नव्हती.

इंजिनाचा एक भाग यायचा म्हणून त्यांचं जहाज तिथे अडकलं होतं, आणि नेमका रमजान होता. भाजी आणायला ते रोज दुपारी उतरत. बंदराच्या रस्त्यावर एका बाईची पॅटीची खिडकी होती. चारच्या सुमारास ती ट्रे बाहेर काढी. रोजाचं तोंड, उन्हाचा कडाका, आणि तो वास. चाचा रोज तिथे थांबत. बाईनं विचारलं, रोज उभा राहतोस, घेत का नाहीस? चाचांनी रोजा आहे म्हणून सांगितलं. मग दोघांचा खेळ सुरू झाला. चाचांनी रोज नाकानं एक जिन्नस ओळखायचा. बरोबर असेल तर बाई मान डोलवी, चुकलं तर हलवी. पात ओळखली, लसूण ओळखली, हळद ओळखली. पाल्याला त्यांनी ओवा म्हटलं, तर तिनं हसून एक काडी हातावर ठेवली. शेवटचा एक राहिला. चाचा म्हणाले लवंग. तिनं नकारार्थी मान हलवली. दुसऱ्या दिवशी दालचिनी. नाही. तिसऱ्या दिवशी जायफळ. नाही. चौथ्या दिवशी इंजिनाचा भाग आला आणि जहाज सुटलं. ईद समुद्रात झाली.

“म्हणजे तुम्ही ती खाल्लीच नाही?” मी विचारलं.

“कधी खाणार? संध्याकाळी खिडकी बंद. आणि मटण हलाल काय ते माहीत नाय.” मग ते जरासे हसले. “तू आणि मी सारखेच रे. दोघांना नुसता वास माहीत.”

इतकी वर्षं त्यांना संशय होता की बाईनं त्यांना खेळवलं. लवंग होतीच, ती उगाच नाही म्हणाली. नाक परत आलं की आधी हा निकाल लावायचा, असं त्यांनी ठरवलं होतं. आणि निकाल मी सांगून बसलो होतो. मी माफी मागितली. पुन्हा मागितली. चाचांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

“ऱ्हाऊ दे. तू नाव सांगितलास. नाव कळला म्हणून काय ओळख झाली? भेट व्हायची हाय अजून.”

त्यांनी पॅटी उचलली, पिशवीचं तोंड नाकाला लावलं आणि डोळे मिटले. मी कालव्यातल्या बदकांकडे बघत राहिलो. बऱ्याच वेळानं त्यांनी पिशवी खाली घेतली. मी विचारलं नाही. ते स्वतःच म्हणाले, “ग्रँड.”

त्यानंतर प्रबंध पुरा होईपर्यंत मी दर गुरुवारी बॉल्सब्रिजहून एक पॅटी घेऊन येत असे. चाचा ती हुंगत, डेक्लन ती खात असे. नाक काही आलं नाही.

ऑगस्टमध्ये ताईंना दूर वॉटरफोर्ड गावच्या हॉस्पिटलात वरची जागा मिळाली आणि घर हलवायचं ठरलं. निघायच्या आदल्या दिवशी मी एका दुकानातून ऑलस्पाइसच्या अख्ख्या दाण्यांची छोटी काचेची बरणी आणली. मिरीहून थोडे मोठे, तपकिरी दाणे. ती चाचांना देताना मला पुन्हा चूक करतोय असं वाटत होतं. त्यांनी बरणी उजेडात धरली, हलवून तिचा आवाज ऐकला, पण झाकण काढलं नाही. मला इलेक्ट्रिशियनची काळी टेप आणायला सांगितली आणि झाकणाभोवती तीन वेढे देऊन घट्ट बसवली. नाक येईल त्या दिवशी उघडीन, म्हणाले. आलं नाही तर रुखसाना कोणाला तरी देईल.

दुसऱ्या दिवशी भरलेल्या गाडीत ते पुढच्या सीटवर बसले. बाकीचं सामान मागे होतं, बरणी मात्र मांडीवर, तिच्या गळ्याला सुतळी आणि सुतळीचं दुसरं टोक त्यांच्या कोटाच्या गुंडीला बांधलेलं. गाडी वळणावर गेली तेव्हा त्यांनी काच खाली केली आणि मागे न बघता हात बाहेर काढून हलवला. मी त्यांना पाहिलं ते शेवटचं.

मला डब्लिनमध्येच नोकरी लागली. राहण्याची जागा बदलली. सणासुदीला ताईंचा मेसेज येई, सगळे बरे आहेत, बाबा ग्रँड. बरणीचं मी विचारत नसे. एकदा सांगून चूक केली होती, आता विचारून करायची नव्हती.

एप्रिलमधल्या एका सकाळी ऑफिसच्या वाटेवर बसमध्ये ताईंचा मेसेज आला. त्यांनी लिहिलं होतं की त्या खाली दूध गॅसवर ठेवून फोनवर बोलत बसल्या होत्या. वरच्या खोलीत दार लावून झोपलेले बाबा जिना उतरून आले आणि म्हणाले, बाय, दूध करपला. ताईंना आधी काही विशेष वाटलं नाही. गॅस बंद करून पातेलं सिंकमध्ये ठेवल्यावर त्यांना उमजलं, आणि मग त्या पातेलं तसंच सोडून खाली बसल्या. बाबा तोवर टेप कापायला कात्री शोधत होते.

मेसेजखाली चाचांच्या आवाजातला एक निरोप होता. त्यांना फोनवर हॅलो म्हणायची सवय नव्हती.

“सेकंड कुक. लवंग नाय. दालचिनी नाय, जायफळ पण नाय.” मग थोडं थांबून, “बाई खरा बोलत होती.”

मी तो निरोप बसमध्ये तीनदा ऐकला. माझा स्टॉप मागे गेला. तिसऱ्यांदा ऐकताना लक्षात आलं की बोलणं सुरू व्हायच्या आधी काही क्षण निरोपात शब्द नाहीत. आवाज वाढवून कानाशी धरला तर तिथे चाचा श्वास आत घेतायत, आणि थांबलेत.